गड्ड्याला घर भरलं की काय करायचं

आमच्या घरी संक्रांतीला तीस-पस्तीस माणसं येतात. सण संक्रांतीचा, पण ओढ सिद्धेश्वराच्या गड्ड्याची, म्हणजे सोलापूरच्या यात्रेची. सोलापूर सोडून गेलेला माणूस दिवाळीला येईल न येईल, गड्ड्याला येतोच. पुण्याचे धाकटे दीर, मुंबईचे चुलत सासरे आणि त्यांचा गोतावळा, गुलबर्ग्याची नणंद आणि तिच्या दोन सुना, लातूरची भाची, शिवाय दर वर्षी एक तरी असा पाहुणा, ज्याचं नातं मला मागाहून जाऊबाईंना विचारून घ्यावं लागतं. घर बाळीवेशीतलं, जुनं. खाली तीन खोल्या, वर दोन, गच्ची, आणि संडास दोनच. मी मधली सून. नोकरी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहायची केली, त्यामुळे माणसं दारात आली की आधी मोजते, मग ‘या’ म्हणते.

घरातल्या नव्या सुना विचारतात, ‘काकू, एवढ्या गोंधळात तुम्हाला हसू कसं येतं ओ?’ त्यांच्यासाठी हे लिहायलेय. गोंधळ मोडायच्या भानगडीत मी पडत नाही. पाणी, भाकरी, अंथरूण आणि गर्दीतली पोरं, एवढं पक्कं बांधून घेते. उरलेलं ज्याला जसं पाहिजे तसं करू दे. कोण किती वाजता उठतंय, कोण कुणाशी बोलत नाही, कुणी दोनदा चहा घेतला, याचा हिशेब ठेवला की सण गेलाच म्हणून समजा.

पाणी सगळ्यात आधी

सोलापुरात पाहुण्यांच्या आधी पाण्याची तारीख बघावी लागते. नळाला रोज पाणी येणाऱ्या गावातल्या लोकांना हे सांगून कळत नाही. आमच्या भागात चार-पाच दिवसांनी एकदा येतं, आणि ते कधी मध्यरात्री, कधी पहाटे. त्यामुळे जानेवारी लागला की मी कॅलेंडरवर पाण्याचे दिवस खुणा करून ठेवते आणि यात्रेचे दिवस त्यावर बसवून बघते.

हिशेब असा. काटकसरीनं वापरलं तरी माणशी दिवसाला चाळीस लिटर धरा. तीस माणसांचे बाराशे. चार दिवसांचे जवळजवळ पाच हजार. आमची टाकी दोन हजारांची, खालचा हौद हजाराचा. म्हणजे दोन हजार कमी. ते ऐन वेळी कुठून आणणार? टँकर आठवडाभर आधी सांगून ठेवायचा. यात्रेच्या तोंडावर फोन केला तर टँकरवाला ‘बघतो’ म्हणतो, आणि त्या ‘बघतो’ला काही अर्थ नसतो.

भोगीला सगळ्यांनी न्हायचं असतं, तीळ लावून, डोक्यावरून. खरी परीक्षा त्या दिवशी. बायकांचे लांब केस असले की एकीला दोन बादल्या लागतातच, त्यात कंजूषपणा करायला सांगू नये, वर्षाचा सण आहे. आम्ही पाळ्या लावतो: ज्यांना अक्षतेला, म्हणजे यात्रेतल्या सिद्धेश्वराच्या लग्नसोहळ्याला, जायचंय ते पहाटे, म्हातारी माणसं ऊन वर आल्यावर, आणि पोरं सगळ्यात शेवटी, गच्चीवर, एकाच वेळी, मोठ्या घंगाळातून. पोरांची ती आंघोळ घरातल्या कुठल्याही कार्यक्रमाहून जास्त रंगते. खाली सांडलेलं पाणी तुळशीला आणि पायऱ्या धुवायला.

पिण्याचं पाणी वेगळं, उंचावर, झाकून, ओगराळ्यासकट. आणि त्याची जबाबदारी बाईवर टाकायची नाही. आमच्याकडे ते काम पुण्याच्या दिरांचं. ते बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. इथं आले की माठ बघतात.

विकत काय, घरी काय

इथं मात्र माझं मत ठाम आहे आणि ते पुष्कळांना पटत नाही. ज्या कामात माणूस एकटा पडतो ते विकत आणा. ज्या कामाभोवती चार जण बसू शकतात ते घरीच करा, कितीही वेळ लागो.

भाकरी थापणं हे एकटीचं काम. तव्यापुढं एक बाई, पाठ भिंतीला, तोंड चुलीला, आणि बाहेर हशा चाललेला. तीस माणसांच्या भाकरी म्हणजे तिचा सण तिथंच संपला. सोलापुरात कडक भाकरी करून विकणाऱ्या बायका गल्लोगल्ली आहेत. ज्वारीची, पातळ, तीळ लावलेली, खडखडीत वाळलेली. आम्ही दोनशे सांगतो. पंधरवडाभर टिकते, फक्त दमट हवा लागू द्यायची नाही. कोरड्या डब्यात सुती कापड घालून रचायची आणि ताज्या भाकरीच्या डब्यात कधी मिसळायची नाही. आमटीत चुरून, दह्यात चुरून, चटणी-तेलाबरोबर, रात्री अकराला आलेल्या पाहुण्यालाही पाच मिनिटांत जेवण. भोगीच्या दिवशी मात्र बाजरीची भाकरी मऊ आणि गरमच पाहिजे. ती तेवढी घरी, तीन शेगड्या लावून, तिघी मिळून.

शेंगाची चटणी मात्र चुकूनही विकत आणू नका. बाजारात चांगली मिळत नाही असं नाही. सोलापूरची आहे, चांगलीच मिळते. पण चटणी कुटणं हा आमच्याकडचा खरा कार्यक्रम आहे. पहिल्या दिवशी दुपारी, सगळे यायच्या बेतात असताना, मी दोन किलो शेंगदाणे भाजायला घेते. मंद आचेवर, घाई न करता, दाणा आतपर्यंत बदामी झाला पाहिजे. वरून काळा आणि आतून कच्चा राहिला तर चटणी चार दिवसांत खवट लागते. भाजलेले दाणे सुपात ओतून अंगणात ठेवले की जो येतो तो चपला काढता काढता मूठभर घेऊन सालं काढायला बसतो. कुणाला सांगावं लागत नाही. प्रवास कसा झाला, गाडी कुठं थांबली, कुणाच्या मुलीचं ठरलं, सगळं तिथंच कळतं.

किलोला लसणाचे तीन गड्डे, शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर लाल तिखट, चमचाभर जिरे, मीठ बघून. दगडी उखळात कुटायचं. मिक्सरला लावली की एकतर पूड होते नाहीतर लगदा. कुटली की दाण्याचं तेल हळूहळू सुटतं आणि तिखट त्यात मुरतं, चटणीला ओलसर लाल रंग येतो. कुटायला पुरुष. दहा मिनिटांनी हात बदलायचा. आमचे एक जावई पहिल्या वर्षी मोबाइल घेऊन कोपऱ्यात बसले होते, कुणाशी काय बोलावं ते त्यांना कळेना. त्यांच्यापुढं लसणाचं ताट सरकवलं. आता ते गाडीतून उतरायच्या आधी फोन करतात, ‘लसूण आणलाय का, का मी आणू?’

एवढ्यानं होतं. नव्या माणसाला ‘बसा, आराम करा’ म्हटलं की तो पाहुणाच राहतो. काम द्या, आणि खरं काम द्या, त्यानं केलं नाही तर अडेल असं. रांगोळीत रंग भरा म्हणून सांगितलं तर त्यालाही कळतं की आपल्याला खेळवायलेत.

शेंगापोळ्या आधीच करून ठेवते. दाण्याच्या किलोभर कुटाला पाऊण किलो गूळ, भाजलेले तीळ, वेलची. आठ दिवस छान राहतात. भोगीची भाजी त्याच सकाळी: सोलाणे, पावटा, घेवडा, गाजर, वांगी, बोरं, उसाच्या गंडेऱ्या, वरून तिळाचं कूट. तीस जणांना मिळून पाच किलो भाजी पुरते. निवडायला आदल्या रात्रीच घ्या, टीव्हीपुढं परात ठेवून. हरभरा सोलता सोलता निम्मा पोरांच्या पोटात जातो, म्हणून किलोच्या जागी दीड किलो आणायचा. ओरडायचं नाही.

स्वयंपाकघराला एका दिवसाला एकच मालकीण. पहिला दिवस थोरल्या जाऊबाईंचा, भोगी माझी, संक्रांत धाकटीची. त्या दिवशी मीठ किती ते तीच ठरवणार, बाकीच्यांनी मत द्यायचं नाही, सासूबाईंनीसुद्धा. सासूबाई मत देतातच. मग जिचा दिवस तिनं ‘हो अव्वा’ म्हणायचं आणि करायचं तेच करायचं.

झोपायचं कुठं

सोलापुरात राहून चादरी कमी पडल्या असं कुणी म्हणू नये. प्रश्न चादरींचा नसतो, ‘माझी कुठली’ याचा असतो. सगळ्या सारख्या आणल्या की रात्री अकराला ओढाओढ. आम्ही घराण्याप्रमाणं रंग ठरवलेत: पुणेकर निळ्या, मुंबईकर मरून, गुलबर्गा हिरव्या. टॉवेलही त्याच रंगाचे. टॉवेल मी कारखान्यातून डझनावारी आणून ठेवलेत, दोरीवर कुणाचा कुठला ते लांबून कळतं.

वरच्या खोल्या बायका आणि लहान मुलं, खालचा सोपा पुरुषांचा. घोरणारे सगळे एका खोलीत. हे अपमानाचं वाटत असेल तर त्यांनाच विचारा, ते एकमेकांच्या सोबतीनं निवांत झोपतात. संडासाच्या जवळची खोली म्हाताऱ्यांची, आणि वाटेत पिवळा दिवा रात्रभर चालू. फोन चार्जिंगला एकच मोठा बोर्ड, सोप्यात, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे निदान रात्री तरी पोरं अंथरुणात बोलत पडतात.

गर्दीत जाताना

यात्रेचे दिवस ठरलेले. आधी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक, दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावर अक्षता, मग होम मैदानावरचा होम, त्यानंतर शोभेचं दारूकाम. सातही नंदीध्वज यात्रेचे मानकरी हिरेहब्बू यांच्या वाड्यातून निघतात, पांढऱ्या बाराबंदीतले लोक ते उंच ध्वज कमरेच्या पट्ट्यावर पेलत चालतात, आणि ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र’ची आरोळी गल्लीतून येते. मुंबईची पोरं पहिल्यांदा ऐकून दचकतात, संध्याकाळपर्यंत तीच घरभर ओरडत फिरतात.

सगळ्यांनी सगळं बघायलाच पाहिजे असा हट्ट सोडा. अक्षतेला धडधाकट माणसं, म्हाताऱ्यांना घराजवळच्या वाटेवर खुर्ची टाकून मिरवणूक, आणि होम मैदानावरचे पाळणे पोरांना. तीस माणसांचा घोळका करून निघू नका. निघायलाच तास लागतो, आणि पहिल्या वळणावर फुटतो. पाच-सहा जणांचा गट, प्रत्येक गटात एक सोलापूरकर, आणि लहान मुलं मोजून एकेकाच्या ताब्यात. मुलाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. मोबाइलच्या भरवशावर राहू नये, त्या गर्दीत फोन लागता लागत नाही.

आणि चुकल्यावर कुठं यायचं ते निघण्याआधी ठरवा. आमची जागा पार्क चौक, चार हुतात्म्यांचे पुतळे. लांबून दिसतात, कुणालाही विचारलं तरी सांगता येतं. तिथं थांबलेल्या पोरांना दर वर्षी कुणीतरी सांगतंच: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, १२ जानेवारी १९३१ ला येरवड्याच्या तुरुंगात फाशी. नेमके गड्ड्याच्याच सुमाराचे दिवस. माझ्या नातवाला ती चार नावं पाठ झालीत, ती वाट बघून बघून.

बाळंतीण, गुडघेदुखीवाले आणि ज्यांना खरोखरच यायचं नाही ते घरी. घरी राहणाऱ्याला ‘अरेरे, तू चुकलास’ म्हणू नका. रिकाम्या घरात दोन तास झोप मिळणं काही कमी नाही. मी दारूकामाच्या रात्री घरीच थांबते, गच्चीवरून जेवढं दिसतं तेवढं पुरे.

भांडणं

होणारच. दोन चुली झालेले सख्खे भाऊ एका छताखाली चार दिवस राहिले आणि काहीच झालं नाही तर मला काळजी वाटते. फक्त दोन विषय पंगतीत काढायचे नाहीत: शेताची वाटणी आणि निवडणूक. वाटणीचं बोलायचं असेल तर सकाळी, चालत, तलावाच्या काठानं, दोघांनीच. चालणाऱ्या माणसाचा आवाज आपोआप खाली राहतो. घरात बसून बोलले की बायका भिंतीला कान लावतात, आणि मग विषय दोघांचा राहत नाही.

रुसलेल्याची समजूत लगेच काढायला जाऊ नये. आधी जेवू द्या. आमच्या नणंदबाई रुसल्या की वर जाऊन बसतात. तासाभरानं एखादं पोर पाठवायचं, ‘ऊटा आयता?’, म्हणजे कानडीत ‘जेवण झालं का?’, विचारायला. मोठ्या माणसानं विचारलं तर त्या ‘झालं’ म्हणतात. पोरानं विचारलं की खाली येतात.

हळदीकुंकवाची घाई या चार दिवसांत करू नका, रथसप्तमीपर्यंत वेळ असतो. बोरन्हाण मात्र करून घ्या. एवढी पोरं परत एकत्र कधी मिळणार? काळं झबलं, हलव्याचे दागिने, चुरमुरे, बोरं, गंडेऱ्या आणि चॉकलेट बाळाच्या डोक्यावरून ओतायचं आणि बाजूला व्हायचं. सोप्यात सतरंजी आधी उचलून घ्या. पंधरा पोरं एकावर एक पडतात, बाळ मधोमध रडतंय, कुणाचा तरी चष्मा पायाखाली, आणि आमचे सासरे, चालायला काठी लागणारे, हळूच काठीनं दोन बोरं स्वतःकडं ओढतात. मी दर वर्षी त्यांच्याकडंच बघत उभी राहते.

एक दिवस शेतावर. जानेवारीत हुरडा तयार असतो. गोवऱ्यांची आगटी पेटवून कणसं भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची, फुंकर मारून थेट तोंडात. गूळभेंडी मिळाली तर बघायलाच नको. सोबत घरची चटणी, गूळ, दही, बोरं. त्या दिवशी घरी चूल पेटवू नका, रात्री कडक भाकरी आणि ताक. शेतावर गेलं की कुणालाच काही शिकवायला जाऊ नका. पोळलं तर पोळू दे, पुढचं कणीस नीट चोळतात.

आणि स्वतःसाठी दिवसातून एकदा अर्धा तास घ्या, न विचारता. मी दुपारी चहा घेऊन जिन्याच्या चौथ्या पायरीवर बसते. तिथून स्वयंपाकघर, सोपा आणि अंगण तिन्हीकडचं ऐकू येतं पण कुणाला मी दिसत नाही. खाली नणंदेच्या सुना कानडीत भांडायलेत, पुण्याची नातवंडं मध्येच इंग्रजीत तक्रार करतात, थोरल्या जाऊबाई दोघांनाही सोलापुरीत गप्प बसवतात. कुणी हाक मारली तर लगेच ओ देत नाही. दुसऱ्या हाकेला उठते. पहिल्या हाकेचं काम बहुतेक वेळा तोवर कुणीतरी केलेलं असतं.

निरोपाची बांधाबांध

पुढच्या वर्षीचं रिझर्व्हेशन आत्ताच कॅलेंडरवर लिहून द्या. रेल्वेचं बुकिंग आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे १२ जानेवारीच्या गाडीसाठी १३ नोव्हेंबर. सिद्धेश्वर एक्स्प्रेस आणि हुतात्मा एक्स्प्रेस दोन्ही भरतात, आणि उशीर झालेला माणूस मग ‘या वर्षी जमत नाही’ म्हणतो.

जाताना प्रत्येक घराला अर्धा किलो चटणी, वीस भाकरी, शेंगापोळ्या. चटणी प्लास्टिकच्या जाड पिशवीत, दुहेरी, तोंडाला रबर. भाकऱ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या लावायच्या, आडव्या रचल्या की कुर्डुवाडीपर्यंत चुरा. स्टीलचा डबा कुणाला देऊ नका, डबे परत येत नाहीत. थोरल्या जाऊबाईंचा एक पितळी डबा, झाकणावर माहेरचं नाव कोरलेला, गुलबर्ग्याला गेलाय. नणंद म्हणते पोचवला, जाऊबाई म्हणतात आलाच नाही. दर गड्ड्याला निघायच्या वेळी, रिक्षा दारात उभी असताना, त्याचा विषय निघतो. तो डबा माझ्या कपाटात आहे. दोघींनाही सांगायला मी अजून मोकळी झालेली नाही, आणि इतक्यात होईन असं वाटतही नाही.